गावाला गेलेत

रजिस्टरात दोनशे बारा नावं.
प्रत्येक नावापुढं दोन तारखा:
एक जन्माची,
एक, दिवस भरले असते तर, ती.
मधलं अंतर कुणाचं सात आठवडे, कुणाचं अकरा.
तेवढ्याच जागेत आमचं सगळं काम मावतं.

एकोणीस वर्षं झाली.
अंबाजोगाईच्या दवाखान्यात मागची खोली,
उंची, वजन, रक्तदाब, मग त्या नळीत फुंक:
जोरात, अजून, छाती रिकामी होईस्तोवर फुंक, बाळा.
बाळाला आता मिशी आहे.
येण्याजाण्याचे दोनशे रुपये, वर एक प्लेट पोहे.
इथं सही कर. पुढच्या वर्षी ये.

नंबर बदलतात.
म्हणून मी शेजारच्यांचा घेऊन ठेवते,
मामाचा, किराणा दुकानाचा,
धारूरच्या एका चपलावाल्याचासुद्धा,
त्याच्याकडं म्हणे अख्ख्या आळीची उधारी.
दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघाल्या
की मुकादमाचा.
मुकादम विचारतो, "किती उचल घेतली त्यानं तुमच्याकडून?"
काही नाही, म्हणते.
आम्हीच त्याचं देणं लागतो.

अफरोज येत नाही.
"मला काय झालंय, मावशी?
आजारी पडलो तर बोलवा."
त्याला फोनवर सांगता येत नाही पटकन
की काही झालं नाही, हेसुद्धा
कुणीतरी येऊन सांगावं लागतं.

आणि शिवकन्याची माय, दैवशाला,
दारातच आडवी:
"सोयरिक जमायलीय, ताई.
सातमाशी होती म्हणून कळलं तर
पोरीत खोट काढतील.
गाडी इथं लावू नका."
मी गाडी देवळामागं नेली.
रात्री ब्लेडनं खरवडून काढलं
डिकीवरचं दवाखान्याचं नाव.
चिकटा तेवढा राहिला. त्यावर धूळ बसली.
आता त्या धुळीतच नाव वाचता येतं.

शिवकन्या नंतर भेटली केजच्या स्टँडवर,
रसवंतीच्या बाकड्यावर, मैत्रिणींची पाठ होती तेवढ्यात
बाही वर सारून म्हणाली,
"बीपी इथंच घ्या. लवकर."
घुंगरू वाजत होते चरकाचे, मला ठोके ऐकू येईनात.
दुसऱ्यांदा घेतलं. तिनं घेऊ दिलं.

मोठे डॉक्टर येतात वर्षातून एकदा,
लॅपटॉपवर लाल रांगा दाखवतात:
सहा वर्षं न आलेले एकेचाळीस.
"हे हरवले असं धरू."
त्यांचं बरोबर असेल, हिशेबाला तसं धरावं लागतं.
मी रजिस्टरात पेन्सिलीनं लिहिते,
गावाला गेलेत.
कुठलं गाव, ते लिहीत नाही.

माघात एक फोन आला, अनोळखी नंबर,
मागं ट्रॅक्टरची घरघर.
"मावशी, एकशे सतरा बोलतोय."
नाव सांगितलं नाही त्यानं. आश्रुबा.
एकेचाळीसातला एक.
कर्नाटकातल्या कारखान्यात
वजनकाट्यावर लागलाय म्हणे.
"एक विचारायचं होतं.
मी झालो तवा किती भरलो होतो?"

रजिस्टर उघडायची गरज नव्हती.
अकराशे ऐंशी ग्रॅम.

तिकडं कुणीतरी ओरडलं, गाडी पुढं घे.
तो तसाच थांबून.
"आमचा काटा, मावशी," मग म्हणाला,
"दहा किलोच्या खाली काही धरतच नाही."

हसला की काय, कळलं नाही.
पट्टा पडला की येतो, म्हणाला.
पोहे असतात ना अजून?

खोडरबर सापडेना.
बोटानंच पुसलं.
गावाला गेलाय, एवढं पुसट दिसतं अजून
नव्या नंबराखाली.